काकांचे अरेतुरे

बाहेर जेवायला कसे जावे हे मला ज्या गृहस्थांनी शिकवले, त्यांच्याविषयी एका शनिवारी, भर दुपारी, भरल्या ताटावर बसून मी ‘यांना मी ओळखत नाही’ असे म्हणालो. याहून मोठ्या चुका माझ्या हातून झाल्या नसतील असे नाही. पण पन्नाशी उलटल्यावर मागे वळून पाहू लागलो की सर्वांत आधी हेच वाक्य आडवे येते. त्याची शिक्षा मला झाली, आणि ती योग्यच होती. ती किती चमत्कारिक होती हे समजण्यासाठी मात्र आधी काका समजावे लागतील.

काका नात्याने माझे कोणीही नव्हेत. ओहायोतल्या डब्लिन गावी मी नोकरीसाठी आलो, तेव्हा पत्नी आणि मुलगी शाळेचे वर्ष संपेपर्यंत पुण्यातच राहिल्या होत्या आणि मी काकांच्या घराचे बेसमेंट भाड्याने घेतले होते. काका विधुर होते. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची सारी हयात तपासनीस म्हणून गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही तपासणी काही सुटली नव्हती. हवामान आणि जावई यांच्यासकट जगातली प्रत्येक गोष्ट ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ या दोनच खोक्यांत पडते, अशी त्यांची धारणा होती. जावई रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. तो अजून तपासणीतच होता.

पहिल्याच शनिवारी त्यांनी बेसमेंटच्या जिन्यावरून हाक मारली, “अरे, बूट घाल. जेवायला जायचंय.”

मी खालून म्हणालो, “काका, मी खिचडी लावली आहे.”

“खिचडी कुठं पळून जात नाही. तू चल.”

मला वाटले, एखाद्या भारतीय हॉटेलात जायचे असेल. भारतीय हॉटेलांना त्यांचा तात्त्विक विरोध होता. “घरी मिळतं ते बाहेर खाऊ नये आणि बाहेर मिळतं ते घरी करू नये. संसार यानंच बिघडतात,” असे ते म्हणत. एकदा आयसेलिन या भारतीय वस्तीच्या गावी राहणाऱ्या मावसभावाने त्यांना हौसेने थाळी खायला नेले. शेजारच्या तिन्ही टेबलांवर मराठीतून चाललेली भांडणे ऐकून काका त्याला म्हणाले, “एवढंच करायचं होतं, तर विमानात कशाला बसलो?” मावसभावाने पुन्हा बोलावले नाही.

गावोगावी शाखा असलेली उपाहारगृहेही त्यांच्या यादीत बसत नसत. “ज्या खानावळीला दुसरी शाखा आहे, तिचं आपल्याकडे लक्ष नसतं. तिचा जीव तिकडं असतो.” मग उरत ते खेड्यांतले पब. जिथे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, चारी बाजूंना मका आणि सोयाबीन असते आणि पाचवे काहीच नसते, अशा जागी काका गाडी थांबवायला लावत. पबची परीक्षा बाहेरून सुरू होई. दारात उभ्या असलेल्या ट्रकांना चिखल हवा. आत भिंतीवर बियाणे विकणाऱ्या दुकानाचे कॅलेंडर हवे. आणि मुख्य म्हणजे, आपण आत शिरताच सगळ्यांनी वळून पाहिले पाहिजे. “नाही पाहिलं तर समजावं, इथं रोजचं गिऱ्हाईक नाही. जिथं रोजचं कोणी नाही, तिथलं आपण का खावं?” आम्ही आत शिरलो की सगळे वळून पाहत. मी संकोचाने मान खाली घालीत असे, काका समाधानाने म्हणत, “पास.”

एवढे करून काका पक्के शाकाहारी, आणि बिअरलाही न शिवणारे. ओहायोच्या खेड्यातल्या पबमध्ये अशा माणसाने काय खावे, हा प्रश्न मला पडे; त्यांना पडत नसे. भाजलेला बटाटा, कोबी, ॲपल पाय. घेवड्याच्या शेंगांतसुद्धा हॅमचे तुकडे असतात हे कळल्यापासून त्यांनी एक निवेदन तयार केले होते, ते उभे राहून करीत. “मॅडम, नो ॲनिमल. नो ॲनिमल ज्यूस. अँड नो प्लेस व्हेअर ॲनिमल वॉज रीसेंटली.” या शेवटच्या कलमामुळे स्वयंपाकघरातून प्रत्यक्ष आचारी बाहेर येऊन त्यांना पाहून जात.

टेबल डुगडुगत असेल तर ते बदलून घेत नसत. खिशातून लाकडाची पाचर काढून पायाखाली सारीत. “आपण उठून गेलो तर टेबल सुधारतं का? पुढचा येईल त्याच्या डोक्यावर जातं.” आणि ताट संपत आले की इथल्या वेट्रेस नेमाने विचारतात, “आर यू स्टिल वर्किंग ऑन दॅट?” जेवणाला काम म्हणावे याचे काकांना शेवटपर्यंत दुःख होते. प्रत्येकीला ते तितक्याच सौजन्याने सांगत, “मॅडम, आय ॲम रिटायर्ड. आय ॲम ओन्ली ईटिंग.”

पण या सगळ्याहून अवघड होता तो त्यांचा एक नेम. आपल्याकडे पंगतीत वाढून झाले की यजमान हात जोडून म्हणतो, “सावकाश होऊ द्या.” काकांच्या मते हे म्हटल्याशिवाय जेवण सुरू होणे म्हणजे शिट्टीशिवाय गाडी सुटणे. आणि पबमध्ये यजमान असा कोणी नसतोच, तेव्हा ती जबाबदारी त्यांनी आपल्याकडे घेतली होती. आसपासच्या टेबलांवर ताटे आली की ते उठत, प्रत्येक टेबलापाशी जात, किंचित वाकत आणि म्हणत, “लेट इट हॅपन स्लोली.”

एका ट्रकवाल्याचा काटा अर्ध्या वाटेत थांबलेला मी पाहिला आहे. त्याने आधी दाराकडे पाहिले, मग छताकडे, आणि विचारले, “व्हॉट इज गोइंग टु हॅपन?”

“लंच,” काका म्हणाले.

मी एकदा धीर करून सुचवले, “काका, इथं ‘एन्जॉय युअर मील’ म्हणतात.”

“तो हुकूम झाला. एन्जॉय कर! का? एखाद्याचं पोट बरं नसेल. आपण म्हणतो, होऊ द्या. जेवण आपलं आपण होतं; आपण फक्त आडवं यायचं नाही. कळलं का, गाढवा?”

ते मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करीत. ‘गाढवा’ हे संबोधन प्रेमाचे, ‘शहाण्या’ हे रागाचे. पुढे माझे कुटुंब आले, दहा मिनिटांच्या अंतरावर आम्ही घर घेतले. पण शनिवार काही बदलला नाही. डब्लिनपासून चाळीस मिनिटांवरचा एक पब आमचा ठरून गेला. तिथे लॉरेटा नावाची साठीची वेट्रेस होती. आम्ही बसलो की “नेहमीचंच?” एवढेच ती विचारी आणि दोन भाजलेले बटाटे आणून ठेवी. काकांच्या ‘लेट इट हॅपन’ची तिला इतकी सवय झाली होती, की ते उठायचे विसरले तर तीच खुणेने आठवण करी.

आता तो शनिवार.

आमच्या ऑफिसात मॅनेजरची जागा रिकामी झाली होती आणि डायरेक्टरांनी मला बोलावून सांगितले होते, की माझे काम उत्तम आहे, पण वरच्या जागेला थोडा ‘प्रेझेन्स’ लागतो. प्रेझेन्स म्हणजे हजेरी एवढेच मला ठाऊक होते, आणि हजेरीत मी कधी कमी पडलो नव्हतो. नंतर त्यांनीच शनिवारी दुपारी जेवायला चलण्याचे सुचवले. ते, त्यांची पत्नी आणि मी. माझी पत्नी तेव्हा माहेरी पुण्याला गेली होती. मी काकांना फोन केला, “काका, आजचं कॅन्सल करू या. ऑफिसचं काम आहे.” ते म्हणाले, “काम कर. जेवणाचं मी बघतो.”

डायरेक्टर स्वतः गाडी चालवत होते. शेते सुरू झाली, मका कापणीला आलेला होता, आणि ते लहान मुलासारखे खुशीत येऊन म्हणाले, की तुला मी आज एक अशी जागा दाखवणार आहे जी डब्लिनमध्ये कोणालाच ठाऊक नाही. चाळीस मिनिटांनी गाडी आमच्याच पबसमोर थांबली. “इथं कधी आला होतास?” त्यांनी विचारले.

आता खरे सांगायचे तर ‘दर शनिवारी येतो’ हे उत्तर होते. पण कोणी कौतुकाने काही दाखवू लागला, की ते आपण आधी पाहिले आहे असे म्हणणे आपल्याकडे उद्धटपणाचे समजतात. आम्ही शेजाऱ्यांच्या घरी त्याच लग्नाचा व्हिडिओ तीनदा ‘वा, वा’ करीत पाहिलेली माणसे. मी म्हणालो, “नाही. किती सुंदर जागा आहे!” सभ्यपणा म्हणून उचललेले ते पाऊल. पुढची सगळी पावले त्याच्या मागोमाग आपोआप पडत गेली.

लॉरेटा आली आणि मला म्हणाली, “नेहमीचंच?” मी मेन्यूकार्ड इतक्या एकाग्रतेने वाचू लागलो की जणू त्यावर परीक्षा होती. तिने एक क्षण माझ्याकडे पाहिले, मग डायरेक्टरांकडे, आणि वही काढली. नेहमीचे मागवणे शक्य नव्हते, म्हणून मी सँडविच मागवले आणि जोडीला काकांनी केव्हाच ‘रिजेक्ट’ केलेला, कच्च्या कोबीचा कोलस्लॉ. आणि मेन्यू खाली ठेवताना मला कोपऱ्यात काका दिसले.

ते एकटे आले होते. हायवेला भिणारा तो माणूस आडरस्त्यांनी, तास-दीड तास गाडी चालवत आला असणार. खिशाला दोन पेने, गळ्यात नॅपकिन खोचलेला, पायाशी वाकून टेबलाला पाचर लावणे चालले होते. वर उठताना त्यांनी मला पाहिले. हात अर्धा वर गेला. मग माझ्यासमोरची माणसे दिसली, आणि तो हात त्यांनी डोके खाजवण्याकडे वळवला. मी सुटलो असे मला वाटले. तसे वाटले, हे मी कबूल करतो.

पण आमची ताटे आली. तपासनिसाला एक टेबल गाळून पुढे जाता येत नाही. काका उठले, दोन टेबले करून आमच्यापाशी आले, वाकले, आणि म्हणाले, “लेट इट हॅपन स्लोली.”

डायरेक्टरांच्या पत्नीने घास हातात तसाच धरला. डायरेक्टरांनी माझ्याकडे पाहिले. एकाच वर्णाचे आम्ही दोघे, प्रश्न स्वाभाविक होता. “तुझ्या ओळखीचे आहेत का?” लॉरेटा पाण्याचा जग घेऊन तिथेच उभी होती. मला पळवाट एकच दिसली. मी म्हणालो, “नाही. मी यांना ओळखत नाही.”

नम्रतेपोटी सुरू झालेले खोटे निभावण्यासाठी मी तसे म्हणालो, असे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत आलो. ते खरे नाही. मला त्या नॅपकिनची लाज वाटली होती.

काका एक क्षणही अडखळले नाहीत. “नो, नो,” ते हसून म्हणाले, “वी हॅव नॉट मेट.” आणि माझ्यापुढे हात केला. आम्ही हस्तांदोलन केले. “व्हेअर आर यू फ्रॉम?”

“नागपूर,” मी म्हणालो.

“व्हेरी हॉट,” काका म्हणाले, आणि आपल्या बटाट्याकडे परत गेले.

पुढच्या शनिवारी मी नेहमीच्या वेळी त्यांच्या दारात गेलो. माफी मागायची वाक्ये गाडीतच जुळवली होती. काकांनी दार उघडले, मला नखशिखान्त पाहिले आणि म्हणाले, “आपण? या ना, बसा. आपलं नाव काय म्हणालात?”

“काका, मी चुकलो.”

“छे, छे. आपली कसली चूक? आपण खरं तेच बोललात. मला ओळखत असतात, तर तिथला कोलस्लॉ मागवला नसतात.”

मला वाटले, एका दिवसाचा राग आहे. पण काका रागावलेले नव्हतेच. ते फक्त तपशिलात काटेकोर होते. जेवायला चला म्हटल्यावर ते आनंदाने निघाले, आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. “अनोळखी माणसाच्या गाडीत पुढं बसू नये.” पबमध्ये मी आमच्या टेबलापाशी बसलो, तर तिथे येऊन त्यांनी अदबीने विचारले, “इथं कोणी बसलंय का?” मी नाही म्हटल्यावर बसले. आपले हवामान, आपले नागपूर, आपली संत्री, असे जेवण संपेपर्यंत चालले. ‘आपण’ हा शब्द इतका जड असतो हे मला तोवर ठाऊक नव्हते. वरिष्ठांनी वापरला तर बढती वाटते. काकांच्या तोंडी तो मला घराबाहेर काढल्यासारखा वाटे.

सहा महिने हे चालले. मागच्या सीटवर काका, पुढे मी. आमच्या कॉलनीतल्या एका नवख्या मुलीने मला शनिवारचा टॅक्सीवाला समजून एअरपोर्टचे विचारले. मी मध्यंतरी इंग्रजी बोलून पाहिले. त्या भाषेत ‘यू’ एकच, तेव्हा तिच्या आडोशाला तरी बरे वाटेल. काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मराठीत म्हणाले, “आपलं इंग्रजी छान आहे. कुठं शिकलात?”

दरम्यान मला ती जागा मिळाली. पहिल्याच मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य दाखवले: ‘लेट इट हॅपन स्लोली’. नवीन सॉफ्टवेअर घाईने सुरू करू नका, असा त्याचा अर्थ होता. “एका पबमध्ये एका विलक्षण म्हाताऱ्या गृहस्थांकडून मी हे ऐकलं,” ते म्हणाले. “त्यांना पुन्हा भेटता आलं तर काय मजा येईल!” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मीटिंग संपल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन सर्व कबूल केले. ते खूप हसले, म्हणाले, “मग त्याच वेळी बसवायचं होतं की त्यांना आपल्याजवळ,” आणि पुढचा फोन लावू लागले. ज्यांच्यासाठी मी खोटे बोललो, त्यांना त्या खोट्याची गरजच नव्हती.

पत्नीला मी हे सांगितले, तेव्हा ती आधी म्हणाली, “मला आजवर कुणी ‘आपण’ म्हटलं नाही. तुला दर शनिवारी मिळतंय, तर घे की.” मग माझे तोंड पाहून तिचा सूर बदलला. “तू माफी काकांकडे मागत बसलायस. पण खोटं तू त्यांच्याशी बोललासच नाहीस. ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर फिरव ना.”

“डायरेक्टरांना सांगितलं.”

“आणि त्या वेट्रेसला?”

शेते पुन्हा नांगरायला घेतली होती, त्या दिवसांतली गोष्ट. पबमध्ये गर्दी होती. काकांनी “इथं कोणी बसलंय का?” विचारून झाले होते, बटाटे आले होते, आणि लॉरेटा पाणी ओतायला आली. मी उभा राहिलो. मला चारचौघांत बोलण्याची सवय नाही. खुर्ची मागे पडली आणि सगळा पब वळून पाहू लागला.

“लॉरेटा,” मी म्हणालो, “त्या दिवशी मी माझ्या साहेबांना सांगितलं, की मी यांना ओळखत नाही. ते खोटं होतं.”

“हनी,” ती म्हणाली, “तुम्हां दोघांना मी किती वर्षं जेवायला घालते आहे? मी तिथंच उभी होते. मला वाटत होतं, आता सांगेल, आता सांगेल.” तिने जग कमरेवर टेकवला. “बरं, मग आता सांग. हे तुझे कोण?”

याची तयारी मी केली नव्हती. “काका,” मी म्हणालो.

“म्हणजे अंकल?”

“नाही. वडिलांचे भाऊ नव्हेत.”

“घरमालक?”

“होते. आता नाहीत.”

“मग मित्र?”

माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मित्र म्हणायला माझी जीभ रेटेना. मी शब्द शोधत उभा राहिलो. बारवरचे दोन शेतकरी ऐकण्यासाठी स्टूल फिरवून बसले. लॉरेटा थांबली होती, आणि काका एकदा माझ्याकडे, एकदा ताटाकडे पाहत होते. शेवटी ते ओरडले, “अरे गाढवा, सांग की तिला काहीतरी पटकन! बटाटा गार होतोय!”

मी खुर्ची सरळ केली आणि खाली बसलो. काकांनी काटा उचलला होता. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आले होते की नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हते, आणि ते विचारण्याची माझी छाती नव्हती.

“आमच्या भाषेत,” मी लॉरेटाला म्हणालो, “‘यू’ला दोन शब्द आहेत. एक मोठा, मान देण्याचा. एक लहान. हे माझ्यासाठी लहान वापरतात.”

तिला ते फार लागले. तिने जग टेबलावर आपटला आणि काकांना म्हणाली, “शोभतं का हे तुम्हांला? एवढा चांगला माणूस आहे हा. त्याच्याशी जरा नीट वागत जा.”

काकांच्या तोंडात घास होता. त्यांनी अपराध्यासारखी मान डोलावली, ती वळेपर्यंत वाट पाहिली, आणि मग माझ्या ताटातला अर्धा बटाटा, मला न विचारता, आपल्या ताटात ओढून घेतला.